तिघांच्या फोटोतली मधली जागा

ब्येन युचिनला बुटाचा तळ पाहून माणूस ओळखता यायचा. जिनान शहराच्या जुन्या भागात, झऱ्यांचं पाणी जिथं घरांच्या पायऱ्यांना घासून वाहतं, तिथल्या एका गल्लीच्या तोंडाशी, वाळुंजाच्या झाडाखाली ती चौतीस वर्षं बूट शिवत बसली होती. हातानं फिरवायचं शिलाई यंत्र, आरी, रापी, मेणाचा दोरा आणि खिळ्यांचा एक पत्र्याचा डबा एवढा तिचा संसार. टाच बाहेरून झिजलेली असली की माणूस हट्टी आणि आतून झिजलेली असली की भित्रा, असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. गिऱ्हाइकं हसायची, पण पुढच्या वेळी बूट देताना टाच लपवायची.

तिची स्वतःची टाच आतून झिजायची, आणि ते ती कबूलही करायची. मांजर आडवं गेलं, काचेचा पेला फुटला, भातात जेवणाच्या काड्या उभ्या खोचल्या गेल्या, की बाई धास्तावलीच. नवऱ्याच्या बुटांकडे मात्र तिनं कधी निरखून पाहिलं नव्हतं. घरच्या माणसाचे बूट कोण बघतं? दर सहा महिन्यांनी नवी टाच ठोकून द्यायची, झालं.

नवरा म्हणजे म्हातारा लुआन. सार्वजनिक न्हाणीघराच्या बॉयलरवर त्यानं जन्म काढला होता. निवृत्त झाल्यावर सकाळी झऱ्यावरून दोन डबे पाणी आणायचं, बायकोच्या शेजारच्या बाकावर बसून चहा प्यायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची, हा त्याचा दिनक्रम. बोलणं बेताचं, हसणं त्याहून बेताचं. युचिन त्याच्यापेक्षा बरोबर बारा वर्षांनी लहान. बारा प्राण्यांची बारा वर्षं फिरून फिरून येतात, त्यातल्या कुत्र्याच्या वर्षातला दोघांचाही जन्म.

आणि ते वर्ष पुन्हा कुत्र्याचंच आलं. लुआनला त्र्याहत्तरावं लागलं. त्र्याहत्तर आणि चौऱ्याऐंशी या दोन वर्षांत यमाला बोलावणं धाडावं लागत नाही, माणूस आपल्या पायांनीच जातो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यात आपल्या जन्माचा प्राणी फिरून आलेला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. युचिननं नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्याच्या पायांत लाल मोजे चढवले, कमरेला लाल दोरी बांधली. तिचंही कुत्र्याचंच वर्ष होतं, पण स्वतःसाठी लाल मोजे घ्यायचे हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

या वर्षावरचा खरा उतारा म्हणजे कार्प मासा. तो लेकीनं आपल्या पैशानं विकत आणायचा आणि बापानं खायचा, म्हणजे मासा जशी पाण्यात उसळी मारतो तसा बाप ते वर्ष उडी मारून ओलांडतो. लेक वेनपिंग छिंगताओहून आली, हातभर मासा घेऊन आली. युचिननं आलं-कांदापात घालून तो शिजवला. लुआननं चार घास खाल्ले आणि उरलेला अर्धा मासा काड्यांनी उचलून सरळ बायकोच्या वाडग्यात लोटला.

"अरे, हे काय करतोस? तुझा मासा आहे तो!"

"काटे फार आहेत. माझे दात पडलेत, तुझे आहेत. खा."

"म्हाताऱ्या, अर्धीच उडी मारून मधेच पडशील!"

"पडलो तर तू आहेस की उचलायला," लुआन म्हणाला आणि चहाचा पेला तोंडाला लावला. तो अर्धा मासा युचिनच्या घशात वर्षभर काट्यासारखा अडकून राहिला.

उन्हाळा सुखरूप गेला. शरद लागला, वाळुंजाची पानं पिवळी पडू लागली आणि एका दुपारी गल्लीत तो परदेशी आला. उंच, वाकलेला, दाढी भुरकट. नाक एवढं मोठं की हाओ न्हाव्यानं लगेच त्याचं नाव नाकाड्या ठेवून टाकलं. हा हाओ झाडाच्या पलीकडच्या बाजूला खुर्ची टाकून दाढ्या करायचा. लुआनचा चाळीस वर्षांचा दोस्त, आणि युचिनला वहिनी म्हणायचा हक्क त्यानं स्वतःच घेतला होता.

नाकाड्याच्या गळ्यात एक जुना काळा कॅमेरा होता, फिल्मचा. तो शहरंच्या शहरं पायी फिरून रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढत होता, हे त्यानं मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. त्यानं हाओचा वस्तरा टिपला, झऱ्यावर पालेभाजी धुणाऱ्या बायका टिपल्या. मग झाडाखालच्या तिघांकडे बोट करून विचारलं, "काढू?"

"काढ, काढ!" हाओ उड्या मारतच आला. "वहिनी, सरका. माझी डावी बाजू चांगली दिसते."

"तुझी कुठलीच बाजू चांगली नाही," लुआन म्हणाला.

युचिन आपल्या स्टुलावर मधोमध बसलेली होती. एका बाजूला हाओ टेकला, दुसऱ्या बाजूला बाकाच्या टोकाशी लुआन. नाकाड्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात लुआन उठला.

"ऊठ गं. मला स्टुलावर बसू दे, बाकाची फळी कमरेला रुतते."

"आत्ताच रुतली होय? दुपारभर बसलायस की!"

"ऊठ म्हणतो ना."

ती कुरकुरत उठली आणि बाकाच्या टोकाशी जाऊन बसली. लुआन मधे बसला. हाओ काहीतरी पाचकळ बोलला, खट्ट झालं, आणि नाकाड्या हसून मान लववत पुढं गेला. हाओनं त्याच्या मागं धावत जाऊन आपला पत्ता त्याच्या वहीत लिहून दिला, फोटो पाठव म्हणून.

युचिननं आरी उचलली, एका बुटात टोचली आणि हात तसाच थांबला. तीन माणसं. तिघांनी मिळून फोटो काढू नये, काढला तर मधला आधी जातो. तिची आई सांगायची, आईची आई सांगायची. लग्नाकार्यात तिघं उभे राहिले तर चौथ्याला ओढून आणायचे, कुणीच नसलं तर मधल्याच्या हातात बाहुली द्यायचे. आणि इथं मधे कोण बसलं होतं? त्र्याहत्तराव्यातला माणूस, अर्ध्या माशावर जगणारा. जागा कुणी दिली? तिनं, आपल्या हातानं, आपलं स्टूल.

"काय झालं वहिनी? भूत पाहिल्यासारखं तोंड झालंय."

"भावजी, आपण तिघं होतो."

हाओनं वस्तरा मिटला. त्यानं लुआनकडं पाहिलं. लुआन चहात फुंकर घालत होता. "मग काय तीस पाहिजे होते?" तो म्हणाला.

त्या दिवसापासून युचिनचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. नवरा खोकला की ती यंत्राचं चाक थांबवायची. तो दुपारी डुलकी घ्यायला लागला की नाकाशी बोट धरून बघायची, आणि तो एक डोळा उघडून म्हणायचा, "अजून आहे." त्याला हे गमतीचं वाटत होतं असं तिला वाटे आणि त्याचाच तिला जास्त राग येई. तिचं सगळं भय एका काळ्या डबीत जाऊन बसलं होतं. त्या डबीत म्हातारा मधे बसलेला आहे, अंधारात, आणि ती डबी कुणा परक्याच्या गळ्यात लटकून शहरभर फिरते आहे. हे वर्ष संपायला अजून चार महिने होते.

चौथ्या दिवशी तिनं यंत्रावर मेणकापड टाकलं आणि ती नाकाड्याला शोधायला निघाली. चौतीस वर्षांत कामाच्या दिवशी तिनं जागा सोडली नव्हती. सरोवराकाठी विचारलं, मशिदीजवळच्या खाऊगल्लीत विचारलं. "मोठ्या नाकाचा? कॅमेरेवाला? काल होता." काल, काल. सगळीकडे तो कालच होता. शोधाच्या तिसऱ्या दिवशी, पाय सुजलेले, मोठ्या झऱ्यापाशी ती पाण्याच्या रांगेत टेकली. दगडी वाघाच्या तोंडातून धार पडत होती, माणसं डबे भरत होती, आणि त्या गर्दीत गुडघ्यावर बसून नाकाड्या एका म्हातारीच्या हातांचा फोटो काढत होता.

युचिननं जाऊन त्याची बाहीच धरली.

"तो फोटो दे. झाडाखालचा. तिघांचा."

त्यानं तिला ओळखलं, आनंदानं मान हलवली. "पाठवणार. पत्ता आहे."

"पाठवू नको! पुसून टाक."

त्यानं कॅमेरा दाखवला. फिल्म आहे, पुसता येत नाही. तिनं बोटांनी तीन दाखवले, मधलं बोट मिटलं, आणि मग ती एवढंच म्हणाली, "माझा म्हातारा. त्र्याहत्तर." भोवतीच्या डबेवाल्या बायकांना लगेच कळलं. त्यातली एक नाकाड्यावर खेकसली, "अहो, मधला मरतो! एवढं मोठं नाक आणि एवढंही कळत नाही?"

त्याला किती कळलं कोण जाणे. तो युचिनच्या हातांकडे बघत राहिला. आरीनं सोललेले ते हात, आणि ते त्याची बाही सोडत नव्हते. मग त्यानं एक मोठा श्वास घेतला आणि भर उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. आत करडी फिल्म गुंडाळलेली होती. तिच्यावर लख्ख ऊन पडलं. त्यानं झाकण तसंच उघडं धरलं, तिला पुरतं बघू दिलं आणि मग मिटलं.

"गेला," तो म्हणाला.

"आणि बाकीचे? दुसऱ्यांचे?"

त्यानं दहा बोटं तीनदा दाखवली. तीस फोटो. युचिन शरमेनं पाणी पाणी झाली. त्याच्या कॅमेऱ्याचा पट्टा एका कडीशी उसवला होता, तो तिच्या नजरेतून सुटला नव्हता. पिशवीतून तिनं सुई काढली आणि मेणाचा दोरा दुहेरी घालून तो पट्टा असा शिवला की बैलानं ओढला तरी तुटू नये. पैशाचं नाव काढू दिलं नाही. घरी येताना तिला वाटलं, आता सुटलो.

हाओला मात्र हे ऐकून राग आला. "माझी डावी बाजू पण गेली ना त्यात!" लुआननं फक्त विचारलं, "सगळा गेला? तुझाही?" "सगळा," ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि पाण्याचे डबे उचलले.

बाराव्या महिन्यात थंडी कडाक्याची पडली. झऱ्याचं पाणी वाफाळत होतं, पण पायऱ्यांवर सांडलेलं पाणी गोठून काच झालं होतं. सहा-सात दिवसांवर नवं वर्ष, आणि एका सकाळी लुआन दोन भरल्या डब्यांसकट पायऱ्यांवरून घसरला. हाओनं आणि भाजीवाल्यानं त्याला उचलून आणलं तेव्हा तो डोळे मिटून होता, तोंड मेणासारखं. युचिननं धावत जाऊन त्याच्या नाकाशी बोट धरलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मनगट मोडलंय, डोक्याला मार बसलाय, रात्रभर ठेवू या. दुपारी तो शुद्धीवर आला आणि आधी म्हणाला, "डबे?"

ती त्याचे बूट आणायला झऱ्यावर परत गेली. पायऱ्यांवर पडलेला एक एक बूट उचलताना पहिल्यांदाच तिची नजर नवऱ्याच्या टाचांवर ठरली. दोन्ही आतून झिजलेल्या. ती चक्रावली. हा माणूस? हा कधी कुणाला घाबरला? नवी टाच ठोकायला हवी एवढं मनाशी म्हणून तिनं बूट पिशवीत टाकले.

आणि त्याच संध्याकाळी हाओ एक पाकीट घेऊन आला. परदेशी तिकिटं लावलेलं, त्याच्या नावाचं.

"वहिनी, उघडू का नको?"

तिला कळलं. कशानं कळलं ते सांगता यायचं नाही, पण आत तोच फोटो असणार होता. "उघडा," ती म्हणाली.

आत चार ओळींची चिठ्ठी होती, कुणाकडून तरी आमच्या अक्षरांत लिहून घेतलेली. ऊन फिल्मच्या आतल्या वेढ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. मला वाटलं होतं सगळं गेलं, पण हा एक निघाला. तुम्हाला नको असेल तर क्षमा करा. टाकून द्यायला माझा हात झाला नाही.

म्हणजे तो फोटो मेलाच नव्हता. चार महिने जिवंत होता, अंधारात दबा धरून बसला होता, आणि आज सकाळी त्यानं डाव साधला होता. युचिननं तो पालथा घेतला, उलटवायची हिंमत होईना. हाओनंच उलटवला. काळा-पांढरा. आमच्याकडे काळ्या-पांढऱ्या फोटोला काळी चौकट घालून समोर उदबत्ती लावतात.

एका टोकाला हाओ, तोंड उघडं. मधे लुआन. आणि दुसऱ्या टोकाला, जिथं युचिन बसली होती, तिथं ऊन शिरलं होतं. तिथं नुसता पांढरा जाळ. तिचा गुडघा आणि बुटाचं टोक तेवढं उरलं होतं, बाकी सगळं उजेडानं खाल्लेलं. लुआन कॅमेऱ्याकडं बघतच नव्हता. मान वळवून तो त्या पांढऱ्याकडं बघत होता आणि हसत होता. चाळीस वर्षांत तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. पाहणार कशी? तेव्हा ती नाकाड्याकडं बघत होती.

"मी जाळून टाकते," ती म्हणाली आणि लगेच तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला. कागद जाळायचा तो मेलेल्यांना पोचवायला. जिवंत नवऱ्याचं चित्र जाळायचं म्हणजे त्याला आपल्याच हातानं पुढं धाडायचं. मग कापून? मधल्याला कापणार कुठून? तिनं रापी उचलली आणि खाली ठेवली.

"वहिनी," हाओ हळूच म्हणाला, "तो मुद्दाम बसला होता."

"कुठं?"

"मधे. कंबर कुठली आणि फळी कुठली! त्यानं आधीच मोजलं होतं, आपण तिघं आहोत आणि मधे तुम्ही आहात. मला नंतर म्हणाला, तिचंही कुत्र्याचंच वर्ष आहे आणि तिला त्याची शुद्ध नाही. माझ्या डोक्यावर एक धोंडा आहेच, दुसराही माझ्यावरच पडू दे. दोन डोकी कशाला फोडायची? मला शपथ घातली होती त्यानं."

युचिन एकदम भडकली. "मेल्या बोलघेवड्या दुनियेत हा एक मुका! आणि मासा? तो अर्धा मासा?"

"तो पण," हाओ म्हणाला.

तिनं तळाच्या चामड्याचे दोन तुकडे घेतले, फोटो मधे ठेवला आणि चारही बाजूंनी टाके घालून बंद केला. टाके घालताना तिला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती, आणि टाके वाकडे पडत होते, जे तिच्या हातून कधी झालं नव्हतं. वर्ष संपेपर्यंत याला उजेड नाही, तिनं ठरवलं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सुई-कात्री चालत नाही. दुसऱ्या दिवशी उसवेन, तोपर्यंत हा जगला तर.

ते सहा दिवस तिनं कसे काढले ते तीच जाणे. लुआनला एकटं मोरीतही जाऊ दिलं नाही. चूल, पायरी, काच, कुत्रं, सगळं तिला खुनी दिसायचं. पण फटाके वाजले, रात्र उलटली, सकाळी लुआननं एका हातानं बावीस मोमो खाल्ले आणि ढेकर दिली. त्याला चौऱ्याहत्तरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं टाके उसवले आणि फोटो त्याच्यापुढं ठेवला. ती हसत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"बघ, म्हाताऱ्या. मला सगळं कळलंय. जिंकलास तू. आणि बघ कसा हसतोयस, बावळटासारखा!"

लुआननं फोटो प्लास्टरच्या हातावर टेकवला. बघत राहिला. त्याचं तोंड हळूहळू उतरलं, दवाखान्यातल्यासारखं मेणाचं झालं. त्यानं बोट त्या पांढऱ्यावर ठेवलं.

"तू कुठं आहेस?"

"अरे, तिथं ऊन लागलंय. माझा बूट बघ की, आहे."

"तू नाहीस यात."

"उजेड शिरलाय रे नुसता..."

त्यानं ऐकलंच नाही. उठला, एका हातानं कोट अंगावर ओढला, बूट घातले आणि निघाला. ती दारात ओरडत राहिली. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, वेनपिंग अकराच्या बसनं येणार होती. लेकीला आणायला गेला असेल, असं तिनं मनाला समजावलं. पण तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. वर्षभर तिनं तोच आरशात पाहिला होता.

दुपार कलल्यावर दोघं आली. लेकीच्या हातात पाण्याचा डबा, आणि डब्यात शेपटी आपटणारा हातभर कार्प.

"आई, बाबांना झालंय काय? बसमधून उतरू दिलं नाही धड, हात धरून चालवत नेलं. सगळी दुकानं बंद. शेवटी सरोवराकाठच्या एका कोळ्याचं दार ठोठावलं. वर म्हणतात, पैसे तूच दे, तुझ्याच पैशानं व्हायला हवा. मी म्हटलं, अहो, तुमचं त्र्याहत्तरावं संपलं की! तर पुढं चालायला लागले."

"कुणासाठी रे हा?" युचिननं विचारलं.

लुआन बूट काढत होता, एका हातानं, वर न बघता. "शिजव," तो म्हणाला.

"अरे, मी बासष्टची! बासष्टाव्या वर्षी कुणी हा मासा खातं का? लोक हसतील."

"हसू दे."

तिनं मासा शिजवला. आलं, कांदापात, वर थोडा व्हिनेगर. लुआननं ताट तिच्यापुढं सरकवलं, लेकीनं काड्या पुढं केल्या तर तिच्या हातावर चापट मारली. स्वतः एक काडी धरली नाही. समोर बसला आणि ती प्रत्येक घास गिळते का ते बघत राहिला. मधेच ती थांबली आणि उरलेला मासा त्याच्याकडं सरकवायला लागली.

"काटे फार आहेत," ती म्हणाली.

"आख्खा खा," लुआन म्हणाला. "युचिन, आख्खा खा."

चाळीस वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. तिनं खाली मान घातली आणि शेपटीपर्यंत सगळा मासा खाल्ला.